परक्या शहरात पहिले पाऊल

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात सदर, नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातील शहरात नव्याने गेलेल्या माणसाला तेथील रोजचे जीवन कसे दिसते, या विषयावर मंडळाने आम्हांस बोलावयास सांगितले आहे. विषय ऐकून आम्ही सचिवांना म्हटले, "अहो, आम्ही बँकेतले लिपिक. बदली झाली तीही चंद्रपूर आणि गोंदियाच्या पुढे नाही. विमान आम्ही पाहिले ते सोनेगावच्या कुंपणाबाहेरून. आम्ही परदेशावर काय बोलणार?" सचिव म्हणाले, "भाऊ, तुम्ही चरित्रं वाचता, आणि तुमच्या काउंटरवर बाहेर जाणारी पोरं येतात. तेवढं पुरे." तेव्हा जे वाचले आणि जे ऐकले, तेवढ्याच्या आधारावर आम्ही बोलणार आहोत. यंदा बाहेर जाण्याच्या तयारीत असलेली काही मुले-मुली समोर बसली आहेत. हे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावे.

परक्या शहरात नव्याने गेलेला आपल्या सर्वांच्या परिचयाचा माणूस कोण? जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कला उतरलेला बावीस वर्षांचा भीमराव रामजी आंबेडकर. आज त्यांचा पुतळा चौकाचौकांत आहे, म्हणून तेही कधी हातात ट्रंक घेऊन, पत्ता शोधत, परक्या बोटीवरून उतरले असतील हे आपल्या ध्यानात येत नाही. आपण थेट राज्यघटनेवर जातो. आज आपण घटनेकडे न जाता त्या पहिल्या काही महिन्यांत थांबू या.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. बडोद्याची नोकरी नुकती लागली होती, ती तशीच राहिली. घरी रमाई आणि तान्हा यशवंत. अशा वेळी महाराजा सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी. सही केल्यापासून दोन महिन्यांच्या आत भीमराव न्यूयॉर्कमध्ये होते.

त्या वर्षीचे न्यूयॉर्क काय होते ते पाहा. एप्रिल १९१३ मध्ये तेथे वुलवर्थ इमारत खुली झाली. उंची ७९२ फूट, त्या वेळी जगातील सर्वांत उंच. ग्रँड सेंट्रल हे प्रचंड रेल्वे स्थानक सुरू झाले तो दिवस २ फेब्रुवारी १९१३, म्हणजे योगायोगाने रामजीबाबा गेले तोच दिवस. जमिनीखालून आगगाडी १९०४ पासून धावत होती. भाडे पाच सेंट, कोठेही जा. कोलंबिया विद्यापीठाच्या दाराशीच, ११६ व्या रस्त्यावर, तिचे एक स्थानक होते. मुंबईत ट्रॅम पाहिलेल्या माणसालाही हे सर्व नवे होते.

नवा माणूस परक्या शहरात गेला की पहिल्यांदा वर बघतो, असे म्हणतात. पण चरित्रे वाचताना आम्हांस असे जाणवते, की बाबासाहेबांच्या मनावर जे ठसले ते उंच इमारतींमुळे नव्हे. धनंजय कीरांनी लिहिलेले चरित्र पुष्कळांच्या घरी असेल. त्यात या काळाबद्दल जे आहे, ते जिन्यांचे आणि मजल्यांचे वर्णन नाही. इतरांबरोबर चालणे, इतरांबरोबर जेवायला बसणे, आंघोळ करणे, वाचणे, विश्रांती घेणे, आणि हे सर्व बरोबरीच्या नात्याने, ही तेथली नवलाई होती.

मित्रहो, 'आंघोळ करणे' हा शब्द ऐकून कोणी हसू नका. ज्या मुलाला सातारच्या शाळेत घरून तरटाचा तुकडा नेऊन त्यावर वेगळे बसावे लागत होते, शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळत होते आणि शिपाई रजेवर असला तर तहानलेले राहावे लागत होते, त्या मुलासाठी स्वतःच्या हाताने नळ सोडणे ही लहान गोष्ट नव्हती. न्हावी केस कापायला तयार नसे, म्हणून बहीण घरीच केस कापी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेल्यावरसुद्धा तेथला उपाहारगृहवाला चहा देत नसे, पाणी देत नसे. म्हणजे महाविद्यालयात शेक्सपिअर शिकायला मिळत होता, पण पाण्याचा पेला मिळत नव्हता. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी कोणीतरी समोर पेला ठेवला असेल. ठेवणाऱ्याच्या लक्षातही राहिले नसेल. आमच्या मते त्या शहराचा खरा पहिला ठसा तोच.

राहण्याचे पाहू. परळच्या चाळीत असताना भीमराव अभ्यास कसा करीत हे आपणांस ठाऊक आहे. एवढीशी खोली, उशाशी जाते, पायाशी शेळी, आणि पहाटे दोनला वडील उठवीत, कारण त्या वेळी घर शांत असे. न्यूयॉर्कला आल्यावर पहिला एक आठवडा ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तेथे खोली मिळाली, पण जेवण जमेना. पदार्थ नीट न शिजवलेले, आणि बहुतेक गोमांसाचे. बाहेर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पहिला आठवडा बहुतेकांचा पोटाशीच भांडण्यात जातो. एवढ्या मोठ्या माणसालाही एका आठवड्यात जागा बदलावी लागली, यात कमीपणा काही नाही. ते मग ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. तेथे काही हिंदी विद्यार्थी राहत. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या दुसऱ्या वसतिगृहात आले, आणि तेथे त्यांना खोलीसोबती मिळाला नवल भथेना.

या नवल भथेनांविषयी आम्हांस थोडे जास्त बोलायचे आहे. जातीने पारशी, मुंबईचे. दोघे एका खोलीत राहिले. मुंबईत हे घडले असते काय, हे तुम्हीच सांगा. त्या खोलीत झालेली मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे पुरेनात. त्या वेळी भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. १९२० सालचे पाच हजार! आम्ही कर्जाचे अर्ज पाहतो. जामीनदार आणा, तारण आणा, वडिलांचा पगारदाखला आणा, असे आम्हीच सांगतो. भथेनांनी यातले काय मागितले असेल? परदेशातील पहिल्या दिवसांत शेजारच्या खाटेवर कोण आले, यावर पुढच्या आयुष्यातील किती गोष्टी अवलंबून असतात, याचा हा दाखला आहे.

आता आमच्या धंद्याचा विषय, म्हणजे पैसा. साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या काळी पौंडाचा भाव पंधरा रुपये होता. म्हणजे दरमहा सुमारे १७२ रुपये. परळच्या चाळीच्या हिशेबाने मोठी रक्कम. पण ती न्यूयॉर्कमध्ये खर्च करायची होती. एका पौंडाचे सुमारे ४ डॉलर ८६ सेंट होत. म्हणजे महिन्याला छप्पन डॉलर. कीरांनी त्यांच्या जेवणाचा हिशेब दिला आहे: एक कप कॉफी, दोन मफिन म्हणजे गोडसर पाव, आणि मांसाची किंवा मासळीची एक बशी, मिळून एक डॉलर दहा सेंट. दिवसातून असे एकदाच जेवले तरी महिन्याचे तेहेतीस डॉलर झाले. उरले तेवीस. त्यात कपडे, पुस्तके, टपाल, आणि त्यातूनच घरी रमाईंना पैसे पाठवायचे. हा हिशेब आम्ही कागदावर मांडला तेव्हा दुसऱ्या वेळचे जेवण कोठे बसवावे हे आम्हांस कळेना. नव्या माणसाची ही एक सवय असते. तो प्रत्येक वस्तूची किंमत मनात आपल्या पैशांत करून पाहतो आणि वस्तू खाली ठेवतो. आमच्या काउंटरवर येणाऱ्या मुलांचे आई-बापही हेच करतात. 'तिथला चहा किती रुपयांचा पडतो?' हा प्रश्न आम्ही कित्येकदा ऐकला आहे.

यानंतरचा भाग आमचे काही वक्ते गाळतात. आम्ही गाळणार नाही, कारण आम्हांस तो फार आवडतो. पहिले काही महिने बाबासाहेबांनी अभ्यासाकडे फारसे लक्ष दिले नाही. मित्रांबरोबर हिंडणे, नाटके पाहणे, बॅडमिंटन खेळणे, बर्फावर स्केटिंग करणे, असे त्यांचे दिवस गेले. बावीस वर्षांचे वय, जन्मात पहिल्यांदा कोणी 'दूर हो' म्हणत नाही, खेळायला बोलावतात आणि चेंडूफळीला हात लावू देतात. मग तो तरुण खेळणार नाही काय? आम्हांस तर वाटते, त्या महिन्यांनी त्यांना काहीतरी दिले. लहानपणी सवंगड्यांत मिसळायला न मिळालेल्या मुलाचे ते उरलेले खेळणे होते. पुढे एका रात्री घरच्यांची आठवण होऊन, आपण येथे कशासाठी आलो याचा विचार करीत ते जागे राहिले, आणि तेथून अभ्यासाला जुंपले, असे चरित्रांतून सांगितले जाते.

जुंपले म्हणजे किती? अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा एकेक. जॉन ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन असे गुरू. १९१५ मध्ये एम. ए. आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमवलेली सुमारे दोन हजार पुस्तके. तेवीस डॉलरच्या हिशेबात ती पुस्तके कोठून आली, हे आता आमच्या ध्यानात आले. दुसऱ्या वेळचे जेवण त्या पुस्तकांत गेले.

न्यूयॉर्कहून सुरुवातीच्या काळातच त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. नव्या शहरातून घरी लिहिलेल्या पत्रात माणूस काय लिहील? हवा, बोट, बाजार. या पत्रात विषय आहे शिक्षणाचा: मुलांच्या बरोबरीने मुलींचेही शिक्षण झाले तर आपली प्रगती वेगाने होईल. वर्गात, वाचनालयात, रस्त्यावर वावरणाऱ्या शिकलेल्या स्त्रिया त्यांनी तेथे रोज पाहिल्या असतील, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या वस्तीतील मुली आल्या असतील, असा आमचा तर्क आहे. सभागृहात आज मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक दिसते. त्यांना हे मुद्दाम सांगतो.

परंतु मित्रहो, येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परदेश म्हणजे स्वर्ग नव्हे. कोलंबिया विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे, तिच्या पायथ्याशी हार्लेम वस्ती आहे. त्याच वर्षांत तेथे अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोक मोठ्या संख्येने राहायला येत होते. जे शहर भीमरावांच्या पुढे विनातक्रार पाण्याचा पेला ठेवीत होते, तेच शहर या आपल्याच नागरिकांना चांगल्या घरांपासून आणि चांगल्या नोकऱ्यांपासून दूर ठेवीत होते. दक्षिणेकडील राज्यांत तर बसायच्या जागा आणि पाण्याचे नळही वेगळे होते. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतही काळ्या आणि गोऱ्या नोकरांना वेगळे बसवणे सुरू झाले. म्हणजे परक्याला मिळणारे सौजन्य घरच्याला मिळेलच असे नाही. बाबासाहेबांनी हे पाहिले होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांकडे त्या लोकांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली आणि आपल्या लोकांचे दुःख त्यांच्या दुःखासारखेच असल्याचे कळवले. नवे शहर पाहताना आपल्याला कोण कसे वागवतो एवढेच पाहून चालत नाही. तेथे झाडू कोण मारतो, रात्रपाळीला कोण असतो, कोणत्या वस्तीत जाऊ नका असे सांगतात, हेही पाहावे लागते.

लंडनविषयी थोडक्यातच बोलतो, कारण पुष्कळांना ती कथा पाठ आहे. १९२१-२२ मध्ये ते दहा, किंग हेन्रीज रोड येथे राहत होते. तेच घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला ते स्मारक म्हणून खुले झाले. लंडनच्या त्या काळातली त्यांची घरमालकीण कडक स्वभावाची. न्याहारीला पावाचा तुकडा, थोडी मासळी, जॅम आणि एक कप बोव्हरिल. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. रात्री दहाच्या सुमारास भूक लागली की मुंबईच्या परिचिताने दिलेल्या पापडांतले चार पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे आणि कपभर दूध घ्यायचे. लंडनला जाणाऱ्यांनी ते घर जरूर पाहावे, आणि जाताना पापड न्यावेत. हे आम्ही गंमतीने म्हणत नाही. ते हलके असतात आणि लवकर खराब होत नाहीत.

आता परत येण्याविषयी. ऑगस्ट १९१७ मध्ये बाबासाहेब मायदेशी आले आणि करारानुसार सप्टेंबरमध्ये बडोद्याला नोकरीवर गेले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी स्वतःच सांगितले आहे, की परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून गेली होती. बडोदे स्थानकावर उतरल्यावर 'जायचे कोठे?' हा प्रश्न पडला, तेव्हा ती परत आली. हिंदू खानावळीत कोणी घेईना. शेवटी पारशाच्या धर्मशाळेत पारशी नावाने नोंद करून राहिले. रोजचे भाडे दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानात, मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात रात्री काढल्या. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दाराशी आले आणि त्यांना बाहेर काढले. मित्राच्या घरी आसरा मिळेना. सामान घेऊन ते सार्वजनिक बागेत बसले, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

न्यूयॉर्कमध्ये एक पारशी खोलीसोबती होता, आणि बडोद्यात पारशी काठ्या घेऊन आले. धर्म तोच, समाज तोच. मग फरक कशाचा? आम्ही याचा पुष्कळ विचार केला आहे. भथेना माणूस म्हणून चांगले होते हे खरेच. पण आम्हांस वाटते, शहराचा रिवाजही माणसाला घडवतो. जेथे खोली देताना जात विचारण्याची पद्धतच नाही, तेथे चांगुलपणा दाखवणे सोपे जाते. जेथे गावच विचारते, तेथे त्याच चांगल्या माणसाला धैर्य लागते, आणि धैर्य सर्वांपाशी नसते.

हा रिवाज आता बोटीत आणि विमानात बसून बाहेर जाऊ लागला आहे, हे मात्र चिंतेचे आहे. याची सूचना बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्येच मिळाली होती. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. त्यात त्यांनी ज्ञानकोशकार केतकरांचे, म्हणजे त्यांच्याआधी अमेरिकेत शिकून गेलेल्या एका मराठी माणसाचे, मत उद्धृत केले आहे: हिंदू लोक जगात इतरत्र जाऊन राहिले तर जातीचा प्रश्न जगाचा होईल. १०७ वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, अमेरिकेतील सिअॅटल शहराच्या नगरपरिषदेला जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घालणारा ठराव करावा लागला. बंदी का घालावी लागते? घडत असल्याशिवाय कोणी घालत नाही.

आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. आमच्या बहिणीचा मुलगा, इंदोऱ्यात वाढलेला, २०२२ मध्ये शिकायला इंग्लंडमध्ये लीड्स शहरी गेला. पहिल्या पंधरवड्यात त्याचे रोज फोन. "मामा, इथं नळाचं पाणी तसंच पितात." "मामा, बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात." "मामा, दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात, मी उपाशी झोपलो." डिसेंबरमध्ये म्हणाला, "चार वाजता अंधार पडते, मन लागत नाही." खोलीत हीटर लावायचा तर मीटर पळतो, म्हणून तो वाचनालयात जाऊन बसायचा. वाचनालय रात्रभर उघडे असते याचा त्याला फार आनंद. रंगावरून त्याला तेथे कोणी काही बोलले नाही असे नाही. रस्त्यावर एकदा गाडीतून काही पोरे ओरडून गेली. त्याचे त्याला विशेष वाटले नाही. म्हणाला, "ती अनोळखी होती, निघून गेली."

लागले ते दुसरेच. घरात सहा जणांचे स्वयंपाकघर एक होते, त्यांत तिघे भारतीय. पहिल्या संध्याकाळी त्यांनी त्याला प्रेमाने पोळी दिली. मग विचारले, "नागपुरात कुठं?" हा म्हणाला, "इंदोरा." त्यांतला एक नागपूर जाणणारा होता. तो म्हणाला, "अच्छा." एवढेच. शिवी नाही, भांडण नाही. दुसऱ्या दिवसापासून फ्रीजमधला त्याचा खण वेगळा झाला आणि त्यांच्या कुकरला हात लावायचा नाही हे न सांगता समजले. मुलगा फोनवर म्हणाला, "मामा, सात समुद्र ओलांडून आलो आणि इंदोऱ्याच्या नाक्यावरच उभा आहे." आम्ही त्या रात्री झोपलो नाही.

त्याने काय केले ते सांगतो, कारण ते आम्ही सुचवलेले नव्हे. त्याने खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला, आणि दार उघडे ठेवून अभ्यासाला बसू लागला. समोरच्या खोलीत घाना देशाचा एक विद्यार्थी होता. त्याने विचारले, हे कोण? तुझे आजोबा? मुलाने सांगायला सुरुवात केली ती दोन तास चालली. पुढे ते दोघे एका भांड्यात भात शिजवू लागले. त्या तिघांपैकी एक मुलगी नंतर येऊन बोलली, की जे झाले ते तिला आवडले नव्हते. उरलेले दोघे शेवटपर्यंत तसेच राहिले. सर्वच सुधारले असे सांगून आम्ही टाळ्या घेणार नाही.

समोर बसलेल्या मुलांपैकी काही आम्हांस विचारतात, "काका, तिकडे कोणी आडनाव विचारलं तर काय सांगायचं? दुसरं काही सांगितलं तर?" याचे उत्तर ज्याने त्याने द्यायचे आहे. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी भाड्याच्या खोलीसाठी आडनाव बदलून सांगितले. बडोद्याला निवारा मिळावा म्हणून खुद्द बाबासाहेबांनाही पारशी नावाने राहावे लागले, म्हणून तसे करणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण त्या अकरा दिवसांचे वर्णन वाचा. एका मोठ्या रिकाम्या इमारतीत, दुसऱ्याच्या नावाने, कोणाशी बोलता येत नाही, आणि पावलांचा आवाज आला की छातीत धस्स होते. आमच्या भाच्याला कुकर मिळाला नाही, पण तो रात्री झोपत होता.

पैशांच्या बाबतीत दोन शब्द. साडेअकरा पौंडांच्या त्या शिष्यवृत्तीवर एक माणूस गेला. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, २००३ पासून. केंद्र सरकारचीही एक वेगळी योजना आहे. जागा थोड्या आहेत, अर्ज पुष्कळ येतात, आणि दरवर्षी काही मुलांचे अर्ज गुणवत्तेवर नव्हे तर कागदावर अडकतात. उत्पन्नाचा दाखला जुना, जातीच्या दाखल्यावर नाव एक आणि गुणपत्रिकेवर दुसरे, वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. ही कामे आताच, निवांत असताना करून ठेवा. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता खात्यात येईपर्यंत वेळ लागतो. तोवरचे दोन-तीन महिने निभावतील एवढी रक्कम हाताशी हवी. परक्या शहरात पहिल्या महिन्यात घरमालकाला आगाऊ पैसे द्यावे लागतात, आणि तो नागपूरच्या ओळखीवर थांबत नाही.

मेळावा संपल्यावर मागच्या टेबलावर आम्ही आणि आमचे दोन सहकारी बसणार आहोत. ज्यांनी कागदपत्रांच्या झेरॉक्स आणल्या आहेत त्यांनी त्या दाखवाव्यात, नावांतील चुका आम्ही पाहून देऊ. भाचा सध्या सुट्टीवर आला आहे, तोही दाराशी उभा आहे. थंडीचा कोट येथून घ्यावा की तेथे, हे त्याला विचारा. आम्हांस त्यातले काही कळत नाही.

जयभीम.